गाडीची दुसरी किल्ली

संस्थेच्या चार गाड्या असतील तर किल्ल्या आठ. त्या आठही आज कुठे आहेत, हे आपल्या हरसूल भागातल्या किती संस्था, किती आश्रमशाळा छातीठोकपणे सांगतील? रात्री अडलेल्या बाईला नाशिकला हलवायचे आहे, गाडी दारात उभी, आणि चालक किल्ली खिशात घालून लग्नाला गेलेला!

पूर्वी बाजारातला किल्लीवाला कानशीने घासून किल्ली करून देई. नव्या गाड्यांना तेवढ्याने भागत नाही. किल्लीच्या मुठीत लहानशी चिप असते. तिला बहुधा बॅटरीही लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते नि ती आपली खूण गाडीला सांगते. खूण पटली नाही, की दार उघडेल, किल्ली फिरेलही, पण इंजिन काही चालायचे नाही. एक किल्ली हाती असताना दुसरी करवणे त्यामानाने सोपे. दोन्ही गेल्या, तर बहुधा गाडीच ओढून वर्कशॉपात न्यावी लागते. इथून नाशिकपर्यंतचा तो खर्च तुम्हीच मोजा.

तेव्हा दुसरी किल्ली कचेरीत कुलूपबंद ठेवा. तिच्यावर गाडीचा नंबर नको, आपला खुणेचा आकडा घाला. नेणाऱ्याची सही वहीत घ्या. मात्र त्या कपाटाची किल्ली रात्री गावात राहणाऱ्या दोघांकडे हवी. नेमके हेच विसरले जाते. आणि गाडी चोरीस गेली, तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, बरे का!