जन्माची हजेरी

मानोऱ्याच्या बसस्थानकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारे बाबा उभे होते. डोक्याला पांढरं पागोटं, हातात पन्नी. पन्नीत आधार कार्ड, सातबारा आणि एका जुन्या शाळेच्या दाखल्याची इतक्यांदा घडी घातलेली प्रत, की मधली ओळच पुसली होती. नातवाची जातपडताळणी करायची होती. यंत्रावरचा मुलगा त्यांना समजावत होता, "बाबा, एकसष्टच्या आंदीचा पुरावा लागते." बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकसष्टच्या आंदी माहा बाप ढोरायमागं गावोगाव फिरे. त्याचा कागद कोन ठेवीन रे बापू?"

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी महाराष्ट्रात 21 नोव्हेंबर 1961 हा मानीव दिनांक आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं कुटुंब या राज्यात राहत होतं आणि त्याच जातीचं होतं, हे कागदावर दाखवावं लागतं. ज्यांचं जगणंच फिरतं होतं, त्यांनी एका जागी राहिल्याचा कागद आणायचा. बाबांचा प्रश्न त्यामुळे माझ्या डोक्यातून जाईना. यांच्या वाडवडिलांचा कागद कोणीच ठेवला नव्हता असं नाही. ठेवला होता, पण बहुतेक वेळा पोलिसांनी.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर तेलंगण-कर्नाटकातूनही तांडेच्या तांडे इथे येतात. आरशांचा फेटिया आणि कांचळी घातलेल्या बाया, नगाऱ्याचा ठोका, भोगाचा धूर, अरदास. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला या समाजाची ओळख दुसऱ्या कोणी करून द्यावी लागत नाही. पण सरकारदरबारी यांची ओळख लिहिली ती वेगळ्याच माणसांनी. आपल्या भागातल्या बंजाऱ्यांचं सुरुवातीचं सविस्तर वर्णन केलं कंबरलेज यांनी. ते वऱ्हाडात पोलीस अधीक्षक होते. 1882 साली ते छापून आलं आणि पुढे रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथातही त्याचा आधार घेतला गेला. माणूस तांड्याच्या चालीरीती मन लावून टिपत होता, हे खरं. तरीही एका समाजाची ओळख लिहायला पोलीस अधिकारी बसतो, तेव्हा त्या वहीचं तोंड कुठल्या दिशेला असणार हे उघड आहे.

बंजारे मुळात लदेणीवाले. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते दख्खन ते माळवा फिरत. फौजांची रसद त्यांच्यावर चाले. 1867 मध्ये रेल्वे भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या. मिठावर सरकारचा ताबा होताच. धंदा गेलेला, पण पाय अजून चालते असलेला माणूस राज्यकर्त्यांच्या नजरेत संशयित ठरला. त्याचं घर कुठे, मालक कोण, सारा कुठे भरतो, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्या रकान्यात बसत नव्हतं.

तेवढ्यात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग 1876 मध्ये बंगालात, आणि 1911 च्या सुधारित कायद्याने तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. 1924 मध्ये सगळं एकत्र बांधलं गेलं. शेजारच्या निजामाच्या राज्यात लंबाडा, म्हणजे आपले बंजारेच, या शिक्क्याखाली आले. या कायद्याची मांडणी नीट समजून घ्यायला हवी, कारण आजचे वाद तिथूनच फुटतात. आरोप व्यक्तीवर नाही, जमातीवर. सरकारने एकदा अधिसूचना काढली की ती बरोबर की चूक हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचं नाही. नोंद झालेल्याने हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडताना कळवायचं. दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर साधारणपणे किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. संशयास्पद स्थितीत आढळला, एवढ्यावरही तीन वर्षं. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारकडे होता. सोलापूर, हुबळी इथे तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. त्यांना लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. देशात अशा अनेक वसाहती मिशनरी संस्थांच्या हाती होत्या, मुक्तिफौज त्यातली सगळ्यात ठळक. म्हणजे शिक्षा, मजुरी आणि धर्मोपदेश एकाच कुंपणात.

1871 च्या याच कायद्याचा दुसरा भाग होता हिजड्यांविषयी. कायद्याने त्यांना 'युनक' म्हटलं. त्यांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंद ठेवायची. बाईच्या वेशात, दागिने घालून रस्त्यावर दिसला किंवा नाचला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. घरात सोळा वर्षांखालचा मुलगा ठेवता येणार नाही. फिरता माणूस आणि वेश बदलणारा माणूस, दोघांना एकाच कायद्यात कोंबावंसं राज्यकर्त्यांना का वाटलं असेल? मला वाटतं, दोघांचंही जगणं नोंदवहीत मावत नव्हतं, हेच कारण. 1911 मध्ये हा भाग वगळला गेला. पण निजामाने 1919 मध्ये आपल्या राज्यासाठी तसाच कायदा केला, आणि वाशिमला लागून असलेला हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाचा होता. तेलंगणात तो कायदा कागदावर इतका टिकला, की तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै 2023 मध्ये. त्याआधी, 15 एप्रिल 2014 च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य करताना 1871 च्या कायद्याचा इतिहास उलगडून सांगितला होता.

31 ऑगस्ट 1952 ला केंद्राने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर हे घडलं. म्हणून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन. स्वातंत्र्य देशाला 1947 ला मिळालं आणि यांना पाच वर्षं सोळा दिवसांनी, असं तांड्यांवर आणि वस्त्यांवर म्हणतात. बंजारा, कैकाडी, रामोशी, वडार, पारधी, कंजारभाट, छप्परबंद अशा चौदा जाती महाराष्ट्रात विमुक्त म्हणून नोंदल्या गेल्या आणि पुढे त्यांना तीन टक्के आरक्षण मिळालं. मानोऱ्याला लागूनच असलेल्या पुसद तालुक्यात गहुली आहे. तिथल्या तांड्यावर जन्मलेले, वकिलीची सनद घेतलेले वसंतराव नाईक 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून जास्त काळ राहिले. या भागातला माणूस ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि त्याने सांगावीच.

मात्र एक कायदा गेला आणि त्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याने 1959 मध्ये असा कायदा केला. कागदावर फरक मोठा होता. आता जमात नाही, व्यक्ती. पण ठाण्यातल्या वहीत नावं तीच राहिली. गावात घरफोडी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीवर जाते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर हा विमुक्त जमातीचा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा म्हटलं, 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने तेच सांगितलं, 2008 मध्ये बाळकृष्ण रेणके आयोगाने अहवाल दिला, पुढे भिकू इदाते आयोगाने. अहवालांची चळत वाढली, कायदा तसाच.

मग आला 3 ऑक्टोबर 2024. सुकन्या शांता या पत्रकाराने तुरुंगातल्या जातीभेदावर बातम्या केल्या होत्या आणि त्याच विषयावर याचिका दाखल केली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्या दिवशी निकाल दिला. कैद्यांना जात पाहून कामं वाटणारे, झाडू एकाला आणि स्वयंपाक दुसऱ्याला देणारे नियम घटनाबाह्य ठरले. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत भटक्या किंवा गुन्हेगार जमातीत जन्मलेला कैदी सराईत मानण्याची वाट होती, तीही बंद झाली. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, विमुक्तांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये, हेही सांगितलं. कायदा रद्द होऊन 72 वर्षं झाल्यावर न्यायालयाला हे लिहावं लागलं. आणि बरोबर दोन दिवसांनी, 5 ऑक्टोबरला, पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराच्या, बंजारा वारशाच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. गर्दी किती होती ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. दिल्लीच्या निकालाबद्दल मात्र त्या दिवसांत तांड्यावर कोणी बोलताना मी ऐकलं नाही, आणि याची मला अजून रुखरुख आहे. कारण संग्रहालयात जे जपलंय, ते जगणाऱ्या माणसाचं संरक्षण त्या निकालात आहे.

इथवर सरकारचं झालं. पण माणसाच्या मानेवर हात ठेवणारी सत्ता सरकारचीच असते असं नाही. तांड्याचा नसाब, म्हणजे पंचायत, नाईक आणि कारभारी चालवत. कोर्टाच्या पायऱ्या परवडत नसलेल्या माणसांचे तंटे तिथे मिटले, पोलिसांपुढे एकजुटीने उभं राहता आलं, हे विसरून चालणार नाही. पण तिथे बोलणारे पुरुष होते. जिच्याविषयी निवाडा, ती बाई मागे उभी.

जातपंचायतींचा प्रश्न महाराष्ट्रात पेटला 2013 मध्ये. नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाने खून केला आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, म्हणजे अंनिसने, जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंनिसचे नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, तरी मोहीम थांबली नाही. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला आणि जुलै 2017 पासून तो अमलात आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा रस्ता आधी एकदा बंद झाला होता. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्मपंथाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, त्यात बहिष्कृत करणंही येतं, असं बहुमताने ठरलं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे पडले. बाहेर काढलेल्या माणसाचा नागरी हक्कच जातो, त्याला मशीद नाही, दफनाला जागा नाही, ही त्यांची चिंता होती. मला त्यांचं पटतं. माणसाला मातीही मिळू न देण्याचा हक्क कोणत्याही पंथाचा धर्म असू शकत नाही.

2018 मध्ये कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला. त्यांना जवळच्याच माणसांनी मारहाण केली. पुढच्या वर्षी राज्य सरकारने ही चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याची घोषणा केली. कंजारभाट हेही विमुक्तच. त्या मुलींचं म्हणणं फार सरळ होतं. इंग्रजाने आमच्या आज्याला जन्मावरून गुन्हेगार ठरवलं, पंचांनी आम्हाला चादरीवरून ठरवू नये. शब्द माझे आहेत, पण भांडण त्यांचं असंच होतं.

काहींना भीती वाटते की हे कायदे पुन्हा त्याच समाजांवर बोट ठेवतील, आणि ती भीती खोटी नाही. ज्यांच्या वाट्याला दीडशे वर्षं पोलिसांची वही आली, त्यांनी आणखी एका फौजदारी कलमाकडे संशयाने पाहिलं तर त्यांना मागासलेलं म्हणू नये. पण 2017 चा कायदा जमातीला नाही, निवाडा देणाऱ्या हाताला धरतो. खेड्यातल्या सवर्ण भावकीने वाळीत टाकलं तरी तोच लागतो.

बाबांकडे मी परत येतो. त्यांच्या पन्नीतला शाळेचा दाखला त्यांच्या थोरल्या चुलतभावाचा होता, 1950 च्या दशकातला. पोरगा दोन-तीन वर्षंच शाळेत गेला असावा. झेरॉक्सवाल्या मुलाने तो काचेवर ठेवला, उजेड वाढवला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या प्रतीत ओळ वाचता आली. जात या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेलं होतं, 'बंजारा'. बाबांना वाचता येत नव्हतं. मुलाने बोट ठेवून दाखवलं. बाबांनी त्या शब्दावर आपला अंगठा टेकवला, थोडा वेळ तिथेच ठेवला आणि विचारलं, "हे चालीन का?"

"वंशावळ जोडा बाबा, मग चालीन," मुलगा म्हणाला, आणि तीन रुपये सांगितले.