एवढासा ‘अ’

जुलै १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांना म्हणायचे होते, की एका माणसाचे हे छोटे पाऊल मानवजातीची मोठी झेप आहे. ध्वनिफितीत मात्र ‘अ मॅन’ऐवजी नुसते ‘मॅन’ ऐकू येते. इंग्रजीत ‘मॅन’ असे उपपदाशिवाय आले, की अर्थ होतो समस्त मानवजात! मग पाऊलही तिचेच आणि झेपही तिचीच. तो ‘अ’ उच्चारला गेला की नाही, यावर पुढे ध्वनिलहरींचे आलेख काढून वाद झाले.

स्पॅनिशमध्ये ‘उन ओम्ब्रे’ म्हणजे कोणी एक माणूस. मानवजातीसाठीही तेथे उपपद लागतेच, पण निश्चित: ‘एल ओम्ब्रे’.

आता पाणी घेऊ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे सर्वसामान्य विधान करताना इंग्रजीत नुसते ‘वॉटर’ म्हणतात. ‘द वॉटर’ म्हणजे समोरच्या चंचुपात्रातले पाणी. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘एल आग्वा’च!

मराठीत अशी उपपदे नाहीत. ‘पाणी उकळते’ यातले पाणी कोणते, हे आपण संदर्भावरून ओळखतो. म्हणून विद्यार्थ्याने ‘द’ चुकीच्या जागी घातला, तर नुसती लाल रेघ मारून थांबू नये. त्याला विचारावे, ‘कोणते पाणी? जगातले कोणतेही, की या चंचुपात्रातले?’ विज्ञानाच्या तासाला निरीक्षणाकडून नियमाकडे जाताना आपण हाच प्रश्न विचारत असतो.