कावेरी, चुंबक आणि म्हैसूरची वीज

रविवारी संध्याकाळी म्हैसूरच्या राजवाड्यावर जवळपास एक लाख दिवे एकदम लागतात. दसऱ्यात तर हा झगमगाट रोजचाच. असल्या रोषणाईची वीज नुसत्या चुंबकातून काढता येईल का? मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ ‘हो’ म्हणतात: पंख्याच्या पात्यांना चुंबक चिकटवा, पंखा आपोआप फिरत राहील. असं होत नाही. चुंबक जवळ येणाऱ्या लोखंडाला ओढतो आणि लोखंड दूर जाऊ लागलं की तितकंच मागेही खेचतो. फेरी पूर्ण झाल्यावर शिल्लक काहीच उरत नाही, उलट घर्षणात थोडं गमावलेलं असतं.

तरीही चुंबकाशिवाय वीजनिर्मितीचं पान सहसा हलत नाही. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलं. जुन्या सायकलच्या डायनॅमोत हेच घडतं. टायरला घासून त्याचं चाक फिरतं, आतला चुंबक फिरतो, दिवा लागतो. आणि दिवा लागला की पॅडल जड होतं! सायकलस्वाराच्या मांड्यांना जाणवणारा हा जडपणा म्हणजेच विजेची किंमत. तारेत वाहू लागलेली वीज स्वतःचं चुंबकत्व निर्माण करून फिरणाऱ्या चुंबकाला अडवते. तो अडसर ओलांडायला जी मेहनत लागते, तिचीच वीज होते.

म्हैसूर संस्थानात ही मेहनत कावेरीने केली. दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात आखलेलं शिवनसमुद्रचं जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झालं. तिथून सुमारे १४७ किलोमीटर लांब तारा ओढून वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली गेली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज नेणं ही जगातही मोठी गोष्ट होती. १९०५ मध्ये बंगळूरला आणि १९०८ मध्ये म्हैसूर शहराला दिवे मिळाले.

हिशेब मांडला तर पाण्याचं मोल कळतं. शंभर मीटर उंचीवरून ३,७०० लिटर पाणी खाली आलं, तर काहीही वाया न जाता जेमतेम एक युनिट वीज मिळेल. आणि चुंबकाचं म्हणाल, तर मोठ्या जनित्रांत साधे कायमचे चुंबक सहसा नसतातच. गुंडाळीत थोडी वीज सोडून चुंबकत्व तयार करतात, म्हणजे चुंबकच विजेवर चालतो.

शिवनसमुद्रची खरी अडचणही पाण्याचीच होती. उन्हाळ्यात कावेरी आटायची आणि खाणींना तर बारमाही वीज हवी. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्याच देखरेखीखाली १९११ मध्ये म्हैसूर शहराजवळ कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. शेतीला पाणी देण्याबरोबरच शिवनसमुद्रच्या जनित्रांना वर्षभर पाणी पुरवणं, हाही त्याचा हेतू होता.