चाकातला चीक
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेला मी पस्तीस मिनिटे उशिरा पोहोचले. पेपर एका तासाचा होता. उशिराचे कारण म्हणून मी ‘पंक्चर’ असे सांगितले, तेव्हा वर्गात हशा पिकला. कारण पंक्चर, आजारी आजी आणि चुकलेली एस. टी. ही तीन कारणे महाविद्यालयाच्या स्थापनेपासून चालत आलेली असावीत. पण माझे कारण खरे होते.

आमचे गाव माणदेशातले. तालुक्याच्या ठिकाणापासून अकरा किलोमीटर. एस. टी. आहे, पण तिची वेळ आणि तासांची वेळ यांचे कधी जमले नाही. म्हणून सायकल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे सत्र म्हणजे काय, अंतर्गत परीक्षा म्हणजे काय, हे घरी समजावून सांगावे लागते. दिवस मावळायच्या आत मुलगी घरी आली पाहिजे, हे मात्र कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या एका महिन्यात मी तीन वेळा अंधार पडल्यावर, सायकल ढकलत घरी पोहोचले. तिसऱ्या वेळी आबा काहीच बोलले नाहीत. आईने भाकरी थापता थापता विचारले, “बाहेरून परीक्षा देता येती म्हणं. तसं न्हाई का चालायचं?”

या लेखाचा विषय पाहून ज्यांना हसू येईल, त्यांनी आईचा हा प्रश्न ध्यानात ठेवावा.

आमच्या रस्त्याला दोन शत्रू आहेत. एक बाभूळ. कुंपणासाठी तिच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात, आणि जाताना त्या आपली आठवण मागे ठेवून जातात. दुसरा सराटा, म्हणजेच गोखरू. हा जमिनीवर पसरतो, पिवळी फुले धरतो आणि दिसायला अगदी गरीब दिसतो. त्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला काटे असतात. तुकडा कसाही पडो, एक तरी काटा आकाशाकडे बघत राहतो. अनवाणी चालणाऱ्याला हे मी सांगायला नको.

काटा टायरमध्ये घुसला म्हणून बिघडत नाही. हवा टायरमध्ये नसते, ती आतल्या रबरी ट्यूबमध्ये असते. साध्या सायकलच्या ट्यूबमध्ये हवेचा दाब चौरस इंचाला चाळीस-पन्नास पौंड, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे तिपटीने जास्त. एवढ्या दाबाला सुईएवढे छिद्रही पुरते. मागच्या चाकावर अंगाचे ओझे अधिक, म्हणून पंक्चरही बहुधा मागचेच.

हवेवर चालायची ही कल्पना तशी जुनी आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, पण लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतले. टॉमसनचे काम आधीचे ठरल्यामुळे ते पेटंट पुढे टिकले नाही, नाव मात्र डनलॉपचेच राहिले. इतिहास हा माझा विशेष विषय असल्याने एवढे लिहिल्यावाचून राहवले नाही. असो.

पंक्चर काढणे आपण नेहमी पाहतो, पण नीट पाहत नाही. आमच्या फाट्यावर नानांचे सायकलचे दुकान आहे. नाना नात्याने माझे कोणी नव्हेत, पण साऱ्या गावाचेच नाना. ते दोन लोखंडी पट्ट्यांनी टायरची एक कड रिमबाहेर काढतात, ट्यूब ओढून तिच्यात हवा भरतात आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतात. सापडलेली जागा कानशीने घासतात, सोल्युशन लावतात, थांबतात आणि मग ठिगळ दाबतात. यातले ‘थांबतात’ फार महत्त्वाचे. सोल्युशन ओले असताना ठिगळ दाबले तर ते दुसऱ्या दिवशी सुटते. आणि ट्यूब परत आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे फिरवून काट्याचे टोक शोधतात. हे शेवटचे काम मी विसरले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री तीस रुपये वाचवण्यासाठी मी घरीच पंक्चर काढले, ठिगळ झकास बसले, आणि टायरमध्ये राहिलेल्या त्याच काट्याने सकाळी सहाव्या किलोमीटरला नवे छिद्र पाडले. उशिराचे खरे कारण हे आहे. वर्गात एवढे सांगायला वेळ नव्हता.

त्यानंतर ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या पैशांतून मी सीलंटची बाटली आणली. सीलंट म्हणजे छिद्र पडण्यापूर्वीच ट्यूबमध्ये घालून ठेवायचा दाट द्राव. पंक्चर झाले की तो आतल्या आत छिद्र बुजवतो, असे बाटलीवर लिहिलेले असते. मी कला शाखेची. तेव्हा आधी हे प्रकरण समजून घ्यावे म्हणून जे वाचले आणि पाहिले ते सांगते. विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

या द्रावांच्या मुख्य जाती दोन. एकीत रबराच्या झाडाचा चीक असतो. रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो आणि थोड्या वेळात घट्ट होऊन जखम झाकतो, तसाच हा. रबराच्या चिकात तीसचाळीस टक्के रबर बारीक कणांच्या रूपाने पाण्यात तरंगत असते. ते बाटलीतच गोठू नये म्हणून त्यात बहुधा अमोनिया घालतात, त्यामुळे नाकाला झोंबणारा वास येतो. दुसऱ्या जातीत चीक नसतो. पाणी आणि ग्लायकोल यांच्या दाट मिश्रणात बारीक तंतू आणि रबराचा चुरा असतो. ग्लायकोलमुळे ते लवकर वाळत नाही. (बाभळीलासुद्धा जखम झाली की डिंक येतो. आपले भोक बुजवायचे आणि दुसऱ्याचे पाडायचे, असा तिचा न्याय आहे.)

आता काम कसे चालते ते पाहू. ज्यांनी शेतात पाणी धरले आहे त्यांना हे चटकन कळेल. पाटाच्या बांधाला खेकड्याने भगदाड पाडले तर नुसती माती टाकून उपयोग होत नाही. पाण्याच्या ओढीबरोबर ती वाहून जाते. आधी मूठभर काड किंवा पाला टाकावा लागतो. पाण्याची ओढच त्याला भगदाडाकडे नेते, काड आडवी अडकते, आणि मग तिच्यावर टाकलेली माती धरते. ट्यूबमध्ये नेमके हेच घडते. चाक फिरत असताना द्राव बाहेरच्या अंगाला, म्हणजे काटा जिथून येणार त्याच बाजूला पसरून राहतो. छिद्र पडले की सुटणारी हवा द्रावाला आपल्याबरोबर छिद्रात ओढते. तंतू आणि चुरा आडवे अडकतात, त्यांच्या फटींत बारीक कण बसतात, आणि बोळा तयार होतो. द्राव चिकाचा असेल तर तो तिथेच गोठून रबराची गाठ होते. म्हणजे छिद्र बुजवायला लागणारे बळ गळणारी हवाच पुरवते! हे मला फार आवडले.

पण याच गोष्टीत त्याच्या मर्यादाही आहेत. छिद्र तीनएक मिलिमीटरपेक्षा मोठे असेल तर काड अडकत नाही, सगळेच वाहून जाते. शर्यतीच्या अरुंद टायरमध्ये दाब शंभर पौंडांच्या घरात असतो. तिथे बसलेला बोळाही उडून जाऊ शकतो. काचेने चिरलेल्या ट्यूबला त्याचा उपयोग नाही. हवा कमी असताना खड्ड्यात आपटून रिमच्या कडांमध्ये ट्यूब चिमटली की जोडीने दोन चिरा पडतात, त्यांनाही नाही. आणि छिद्र रिमच्या बाजूला, स्पोकच्या टोकाने पडले, तर द्राव तिथे नीट पोहोचतच नाही. थोडक्यात, औषध काट्याचे आहे. आमच्या रस्त्याला ते चालते, कारण आमचा रोगच तो आहे.

या रोगाचे रोगी दूरदेशीही आहेत, हे वाचून मला गंमत वाटली. आपला सराटा अमेरिकेत जाऊन पोहोचला असून पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत त्याने सायकलवाल्यांना जेरीस आणले आहे. तिकडे त्याचे नावच ‘पंक्चरवाइन’, म्हणजे पंक्चरची वेल. काट्याच्या तुकड्याला ‘गोटहेड’, बोकडाचे डोके, असेही म्हणतात. सराट्याचे खोड आणि बी खाणारे दोन जातींचे सोंडकिडे १९६१ साली मुद्दाम इटलीहून तिकडे नेऊन सोडण्यात आले. सराटा तरीही आहेच. ट्यूबमध्ये द्राव भरण्याची रीत अशा मुलखात रूढ झाली, यात नवल नाही. तिकडे आता पुष्कळ सायकलींना ट्यूबच नसते आणि टायर व रिम यांमधली फटही हाच द्राव सांधतो. पण आपल्या अठ्ठावीस इंची सायकलला त्याचे काय!

मी द्राव कसा घातला ते लिहिते, म्हणजे कोणाला हवे असल्यास करता येईल. आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व या कामाला सोयीचा आहे. त्याची चकती सैल केली की व्हॉल्वट्यूब चढवलेली आतली नळी उपसून निघते आणि वाट मोकळी होते. व्हॉल्व अगदी तळाला नको, थोडा बाजूला असावा, नाहीतर द्राव तिथेच साचतो. एका चाकाला सुमारे शंभर मिलिलिटर पुरतो. बाटली आधी खूप हलवावी. तंतू तळाला बसलेले असतात. नंतर नवी व्हॉल्वट्यूब चढवून (जुनी आत चिकटण्याचा संभव असतो) हवा भरावी आणि लगेच दोनतीन किलोमीटर सायकल चालवावी. चालवायच्या ऐवजी भिंतीला टेकवून ठेवली तर सगळा द्राव तळाशी जमतो. वाटेत काटा दिसला तर उपटावा, छिद्र खाली येईल असे चाक धरावे, फसफस थांबली की सायकल चालवावी आणि मग हवा पुन्हा पुरी करावी. काटा तसाच ठेवला तर तो आत हलत राहून छिद्र मोठे करतो.

दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत मी मागच्या टायरमधून सात काटे उपटले. प्रत्येक ठिकाणी हिरवा ओला ठिपका आला आणि थांबला. एकदाही सायकल ढकलावी लागली नाही. घरी बाहेरून परीक्षेचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मीही काढला नाही.

फेब्रुवारीत मात्र फजिती झाली. पंक्चरची भीती गेल्यामुळे मी हवा तपासायचेच सोडून दिले होते. हवा कमी असली की टायर रिमवर हळूहळू सरकतो, तो ट्यूबला ओढतो, आणि ट्यूब व्हॉल्वच्या मुळाशी फाटते. तशी ती फाटली. ओढ्याच्या पुलावर फस्सकन आवाज झाला आणि औषध सारे माझ्या सलवारीवर. नानांपर्यंत तीन किलोमीटर ढकलत नेली. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, बोटांना लागलेला चिकटा पाहिला आणि म्हणाले, “आगं पोरी, आता ह्ये पुसू का पंक्चर काढू? ह्याच्यावर सुलेशन धरंल व्हय?”

नानांचे म्हणणे खरे आहे. ज्या ट्यूबमध्ये द्राव आहे तिला ठिगळ लावणे जिकिरीचे असते. जागा धुऊन कोरडी करेपर्यंत छिद्रातून पुन्हा ओल येते. शिवाय नानांचे पोट काट्यावर आहे हेही मी विसरले नव्हते, आणि त्यांच्यासमोर ती बाटलीची गोष्ट काढायला मला संकोच वाटत होता. व्हॉल्वच्या मुळाशी ठिगळ बसतच नाही, म्हणून नवी ट्यूब घ्यावी लागली. पैशांचा हिशेब केला तर बाटलीचे दोनशे ऐंशी आणि या ट्यूबचे दीडशे, असे चारशे तीस गेले. सात पंक्चरचे दोनशे दहा वाचले. म्हणजे पैशांत मी तोट्यात आहे. वेळेत नाही. आणि मला वेळच हवा होता.

ट्यूब बसवता बसवता नानांनी विचारले, “पर असतंय काय गं ह्यात?” मी पाटाची, खेकड्याची आणि काडाची गोष्ट सांगितली. नाना हसले. “आन् माती कुठली?” म्हणाले. मी म्हटले, “रबराचा चुरा.” त्यांनी बाटली हातात घेऊन हलवली, उजेडात धरली, आणि तळाला बसलेला चुरा बराच वेळ पाहिला. नव्या ट्यूबमध्ये उरलेला द्राव त्यांनीच घातला. व्हॉल्व कुठे धरायचा ते मला सांगावे लागले नाही.

माझी धाकटी बहीण जूनपासून आठवीत जाईल. तिची शाळा चार किलोमीटरवर, त्याच बाभळींमधून. तिच्या सायकलसाठी मी तंतूंची जातच घेणार आहे. चिकाची जात ट्यूबमध्ये काही महिन्यांतच वाळते, आणि आमच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. पिशवीत दोन पट्ट्या, ठिगळे, सोल्युशनची नळी आणि छोटा पंप हे तरीही राहील. नानांनी तिला सुट्टीत पंक्चर काढायला शिकवायचे कबूल केले आहे. काट्याचे टोक शोधायला तेवढे आधी शिकवा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.