पियूषिकेची गाठ आणि मातृत्व
मेंदूच्या तळाशी वसणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीत प्रोलॅक्टिन हे दुग्धजनक संप्रेरक अतोनात स्रवणारी गाठ उद्भवली, म्हणजे बीजकोशाकडे जाणारे हुकूम मंदावतात, ऋतुचक्र खंडित होते, प्रसूतीवाचूनही स्तनांतून दूध पाझरते. आणि वांझपणाचा ठपका मात्र, विनाचौकशी, त्या स्त्रीच्याच माथी बसतो, हे अत्यंत क्लेशकारक आहे. छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे मराठवाड्याच्या ओळखीच्या ‘घाटी’त, पाळी थांबल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीने गर्भ नसल्याची खात्री होताच रक्तातील प्रोलॅक्टिनची तपासणी जरूर मागावी. दहा मिलिमीटरहून लहान गाठ बहुधा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनीच, शस्त्रक्रियेवाचून, आटोक्यात येते; मात्र पाळी परतण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो.