घड्याळाचे मोल कशात?



माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी चार पोती तूर विकून जावयासाठी घड्याळ घेतले. ते सोन्यासारखे झळाळत होते. दोन उन्हाळे सरले, मनगटाच्या घामाने मुलामा उतरला आणि खालचे पितळ उघडे पडले. मेहुणे काही बोलले नाहीत. सदऱ्याची बाही मात्र खाली ओढून घेत. वडिलांच्या मनाला ते फार लागले. तेव्हापासून घड्याळ किती चमकते यापेक्षा ते कशाचे घडविले आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटू लागला. हल्ली लाखो रुपयांच्या घड्याळांसंबंधी टायटॅनियम, सिरॅमिक, सिलिकॉन अशी नावे ऐकू येतात. त्यांचे मोल कशावरून ठरवावे, याचा आज विचार करू.

किल्लीच्या घड्याळाचा प्राण म्हणजे केसासारखी बारीक, वेटोळी स्प्रिंग. ती साध्या पोलादाची असेल तर उष्णतेने तिचा ताठरपणा कमी होतो. उष्णतामान एका अंशाने वाढले की असे घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडते. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पौषातील पहाटेशी ताडून पाहिल्यास हा फरक काही मिनिटांवर जातो. स्विस घड्याळजीचे पुत्र शार्ल एद्वार गियोम यांनी १८९६ मध्ये लोखंड व निकेल यांचा इन्वार नावाचा मिश्रधातू शोधला. तो उष्णतेने जवळजवळ प्रसरण पावत नाही. पुढे त्यांनी ताठरपणा न बदलणारा एलिन्वारही सिद्ध केला. १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. लोखंड आणि निकेल ही काही रत्ने नव्हेत. मोल होते ते वर्षानुवर्षांच्या चिकाटीच्या मोजमापाचे.

घड्याळातील माणकेही शोभेसाठी नसतात. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात व झीज टळते. १९०२ मध्ये व्हेर्नय या फ्रेंच रसायनज्ञाने कृत्रिम माणिक करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे हा लाभ साध्या घड्याळांनाही मिळू लागला. त्याच जातीचे कृत्रिम नीलमणी आता काचेऐवजी बसवितात. धुळीत गारेचे कण असतात. ते काचेवर ओरखडे पाडतात, नीलमण्यावर पाडू शकत नाहीत.

नव्या द्रव्यांचेही असेच आहे. टायटॅनियम पोलादाच्या सुमारे निम्म्या वजनाचे असून घामाने गंजत नाही. परंतु त्यावर ओरखडे लवकर उठतात. सिरॅमिक म्हणजे झिर्कोनियमची भस्मासारखी पूड दाबून भाजलेले कवच. त्याचा रंग अंगचाच असल्याने मुलाम्यासारखा उतरत नाही. मात्र फरशीवर आपटल्यास ते तडकू शकते. सिलिकॉनचे भाग उलिस नार्डिन या स्विस पेढीने २००१ मध्ये घड्याळात आणले. त्यांना लोहचुंबकाची बाधा होत नाही आणि तेलही फारसे लागत नाही. पण ते मोडले तर गल्लीतला घड्याळजी कानस लावून ते दुरुस्त करू शकत नाही. मूळ पेढीकडूनच नवा भाग यावा लागतो.

केवळ अचूक वेळ हवी असेल, तर काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ या साऱ्यांहून सरस ठरते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग उंची घड्याळास मोल द्यावे ते कशाबद्दल? उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरचे कारागीर याचे उत्तर देतात. त्यांचा मूळ धातू म्हणजे जस्त व थोडे तांबे. त्यात चांदीची नक्षी जडवून किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप देतात. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच शुभ्र राहते. कोणत्या द्रव्याचा कोणता गुण कोठे उपयोगी पडेल, हे जाणणाऱ्या हाताला तेथे किंमत आहे.

म्हणून दुकानदाराने नव्या द्रव्याचे नाव घेतले की दोनच प्रश्न विचारावेत. या द्रव्याने घड्याळाचा कोणता दोष दूर होतो? आणि ते बिघडल्यास दुरुस्त कोण करील? माझ्या वडिलांनी तेव्हा फक्त किंमत विचारली आणि चमक पाहिली. त्यांना दोष कसा द्यावा? दुसरे काही विचारायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.