दरबार ते गणतंत्र मंडप

आज आपण राष्ट्रपती भवनातल्या दोन दालनांबद्दल बोलू. २५ जुलै २०२४ रोजी दरबार हॉलचं नाव ‘गणतंत्र मंडप’ झालं आणि अशोक हॉलचं ‘अशोक मंडप’. प्रश्न असा, की वास्तूचा अर्थ नाव बदलल्यानं बदलतो, की तिच्या वापरानं?

आधी वास्तू बघू. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा १९११ च्या दिल्ली दरबारात झाली. मग व्हाइसरॉयसाठी हा प्रासाद उभा राहिला. वास्तुकार एडविन ल्युटेन्स. मधल्या मोठ्या घुमटावर सांचीच्या स्तूपाची छाप उघड दिसते. बरोबर त्या घुमटाखाली गोलाकार दरबार हॉल आहे. भोवती जैसलमेरच्या पिवळ्या संगमरवराचे खांब, आणि प्रकाश येतो तो वरून, घुमटाच्या झरोक्यातून. इथे व्हाइसरॉय आणि त्याच्या पत्नीसाठी दोन सिंहासनं होती. म्हणजे नजर आपोआप सत्ताधीशाकडे वळावी, अशीच ही रचना.

अशोक हॉल हा मुळात नाचाचा हॉल. म्हणून त्याची जमीन लाकडी, खाली स्प्रिंगा. छतावर इराणचा बादशहा फतह अली शाह शिकार करताना रंगवलेला आहे.

आता वापर बघा. १५ ऑगस्ट १९४७ ला याच दरबार हॉलमध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्यात कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अडीच वर्षांनी, २६ जानेवारी १९५० ला, इथेच डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. ती घेतली बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडवलेल्या संविधानाची! आज राष्ट्रपतींच्या खुर्चीमागे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती उभी आहे. नाचाच्या हॉलमध्ये परदेशी राजदूत राष्ट्रपतींना अधिकारपत्रं सादर करू लागले.

यात खांब हलले नाहीत, घुमटही तोच राहिला. बदललं ते एवढंच, की तिथे उभ्या असलेल्या माणसाला अधिकार कुठून मिळतो. पूर्वी तो लंडनच्या राजमुकुटाकडून येई. आता संविधानातून येतो. आमच्या मते दरबार संपला तो १९५० सालीच. २०२४ च्या पाटीनं त्यावर फक्त शिक्कामोर्तब केलं.

राष्ट्रपती भवन सर्वसामान्यांना आधी नोंदणी करून पाहता येतं. गेलात तर घुमटाखाली जरा थांबा आणि मान वर करून तो झरोका बघा.